मदत हवी आहे: दहावी होत नाही तोच पोरी उजवतात, वर्षात पाळणा हलतो. गावपातळीवर काय करता येईल?

पळसफूल: दारव्हा तालुक्यातलं गाव, शाळा सातवीपर्यंतच. कापूस घरात आला की सोयरिकी सुरू होतात. पोरगी वावरात एकटी कशी ठेवायची, म्हणून सोळा-सतराव्या वर्षी लगीन आणि लगेच पोटुशी. काही पोरी लग्नाआधीच अडकतात, मायला कळेस्तोवर चार महिने उलटलेले असतात. बचत गटातल्या पाच-सहा जणी काम करायला तयार आहोत. नेमकं कोणाकडे जायचं, काय करायचं?

काळीमाती: ताई, मांडवातून थांबवलेलं लगीन आठ दिवसांनी मामाच्या गावी लागतं. त्यामुळे पाहुणे पोरगी पाहून गेले की लगेच हला. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. त्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातली जन्मतारीख जोडा. आधारवरची तारीख पुष्कळदा अंदाजे टाकलेली असते. गावात वैर नको असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा, नाव गुप्त राहतं.

पालक हमीपत्र देतात आणि तरी लपून लावतील अशी शंका असेल, तर २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याच्या कलम १३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम मिळवायचा. तो असताना लावलेलं लगीन कुठल्याही गावी लागलं तरी मुळातच रद्द ठरतं. ही तरतूद फार कमी वापरली जाते, आणि खरा जोर तिच्यातच आहे.

लगीन लावणाऱ्याला आणि त्याला मदत करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हे भटजी, मंडपवाले आणि पत्रिका छापणारे यांना हंगामाआधीच सांगून ठेवा.

एसटीपास: सातवीनंतर घरी बसलेली पोरगी दोन वर्षांत बोहल्यावर चढते. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत आहे. गाडी वेळेवर येत नसेल तर ग्रामसभेचा ठराव घेऊन आगारप्रमुखांना द्या. आणि "लेक लाडकीचे पैसे मिळतील" असं सांगून पालकांना थांबवू नका. ती योजना १ एप्रिल २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलींसाठी आहे. एकदा खोटं पडलात की पुढचं कोणी ऐकत नाही.

उपकेंद्र: ज्यांची लग्नं होऊन गेलीत त्यांचं पहिलं बाळंतपण तरी लांबवा. छाया ही गर्भनिरोधक गोळी उपकेंद्रात फुकट मिळते. पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करायची, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी. पुढे आठवड्यातून एकदा. सुरुवातीला पाळी लांबते, पोरगी घाबरून गोळी बंद करते आणि तिथंच दिवस राहतात. हे गोळी देतानाच सांगा. अंतरा इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचं, सासूला गोळ्यांचं पाकीट सापडायची भीती नाही.

संबंध येऊन गेला असेल तर तातडीची गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. आधीच राहिलेला गर्भ तिनं पडत नाही.

पाळी चुकली तर आशाकडचं निश्चय किट, म्हणजे दिवस राहिलेत का ते तपासायची पट्टी. सकाळची पहिली लघवी वापरा, रेघा पाच मिनिटांनी बघा, अर्ध्या तासानं नाही. नकारार्थी आलं आणि पाळी आलीच नाही तर आठवड्यानं पुन्हा तपासा.

दिवस राहिले असतील तर मेडिकलमधून गोळ्या आणून घरी देऊ नका, रक्तस्राव अंगावर बेततो. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर गर्भपात होतो. अल्पवयीन मुलीसाठी २४ पर्यंत, दोन डॉक्टरांच्या मतावर. पालकाची लेखी संमती लागते. पोक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं, पण सर्वोच्च न्यायालयाच्या २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालानुसार मुलगी आणि पालक यांनी विनंती केली तर त्या माहितीत तिचं नाव-गाव द्यावं लागत नाही. मायबाप पोलिसांच्या धाकानं दवाखाना टाळतात, म्हणून हे त्यांना आधी सांगा.

पळसफूल: आशाताईचं घर पोरींच्या घरांना लागून. गवगवा होईल म्हणून त्या तिच्याकडे जातच नाहीत.

उपकेंद्र: मग ग्रामीण रुग्णालयातल्या मैत्री क्लिनिकमध्ये न्या. तिथे किशोरवयीनांसाठी समुपदेशक असते, खोली वेगळी असते. बाजाराच्या दिवशी तीन-चार पोरी मिळून गेल्या तर कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. केसपेपर काढताना "पाळीची तक्रार" एवढंच सांगायचं, बाकीचं आत.