नोकरीची मुलाखत : तुमच्या कामी काय आलं?

शेवटचा बाक

काल भाची शेजारच्या खोलीत मोठ्यानं म्हणत होती, "स्वतःबद्दल सांगायचं तर..." आणि थांबत होती. पुन्हा पहिल्यापासून. पहिल्याच नोकरीची मुलाखत आहे तिची. ऐकता ऐकता मला माझी जुनी मुलाखत आठवली. पॅनेलवर तिघं होते. दोघं विचारत होते आणि एक बाई खाली मान घालून नुसत्या लिहीत होत्या. प्रश्न आला, काम अडलं होतं असा एखादा प्रसंग सांगा. मी गोदामातल्या नोंदी जुळत नव्हत्या तो सांगितला. कुठल्या दोन याद्या शेजारी शेजारी ठेवल्या, एकच माल दोन नावांनी चढतोय हे कसं सापडलं, मग साहेबांपुढे काय मांडलं. त्या बाईंनी मान वर केली आणि पुढचे सगळे प्रश्न त्यांनीच विचारले. "दुसऱ्या नावानं कोण चढवत होतं? त्याला कसं सांगितलंत?" नोकरी मिळाली. पाठ केलेल्या उत्तरांपैकी काहीच लागलं नव्हतं, लागले ते आदल्या आठवड्यात वहीत उतरवलेले कामातले प्रसंग.

भाचीला तेच सांगितलं, तर म्हणाली, "मामा, पण मी अजून कामच कुठे केलंय?" तेव्हा मंडळी, लिहा. फ्रेशर असताना ज्यांना नोकरी लागली त्यांनी तर नक्कीच.

रानवारा

मी फ्रेशरच होतो. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये गटातला एकजण ऐनवेळी गायब झाला, तो प्रसंग सांगितला. त्याचं काम कसं वाटून घेतलं, मी कुठला भाग उचलला, सरांकडे मुदत न मागता कसं बसवलं. रुजू झाल्यावर साहेब म्हणाले, त्या मुलाला तू एका शब्दानं नावं ठेवली नाहीस ते लक्षात राहिलं. भाचीला सांगा, कॉलेजमधलं पण कामच असतं.

कातरवेळ

मी टेबलाच्या पलीकडे बसते, भरतीचं काम करते. घाईत लिहितेय. वर दोघांनी जे केलं त्याला स्टार पद्धत म्हणतात. परिस्थिती काय होती, तुमच्यावर काय जबाबदारी होती, तुम्ही काय केलंत, त्यातून काय झालं. बहुतेक मुलं परिस्थिती सांगण्यातच दमतात. सगळ्यात जास्त वेळ तिसऱ्याला द्या. आणि "आम्ही केलं, आम्ही केलं" ऐकून मला शेवटपर्यंत कळत नाही की त्यातलं तुमचं काय. तिथे "मी" म्हणायला लाजू नका.

असे प्रश्न विचारण्यामागे कारण आहे. सगळ्यांना तेच प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण दिले, तर माणूस पुढे कसं काम करेल याचा अंदाज मोकळ्या गप्पांपेक्षा बरा येतो. श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये निवडीच्या वेगवेगळ्या पद्धतींची तुलना करून तसं मांडलं. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी ते आकडे पुन्हा तपासले, तेव्हा बहुतेक आकडे खाली आले, पण अशी मुलाखत यादीत सगळ्यात वर निघाली. म्हणून कोणी मान खाली घालून लिहीत असेल तर घाबरू नका. तुमचंच उत्तर उतरवून घेत असतो आम्ही.

उंबरठा

हे लिहिण्याचं आधी कळलं असतं तर किती जीव वाचला असता! वाचनखूण साठवली.

चांदणचुरा

मला विचारलं होतं, मॅनहोलचं झाकण गोल का असतं 😄 नोकरी हिशेबाची.

रानवारा

गोल झाकण कसंही फिरवलं तरी आत पडत नाही. पण हिशेबाला काय उपयोग? गुगलवाले असल्या कोड्यांसाठी प्रसिद्ध होते ना. त्यांचेच तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लास्लो बॉक यांनी २०१३ मध्ये सांगून टाकलं की त्यातून काहीच कळत नाही.

जुनी वही

कोडी बरी म्हणायची वेळ आली होती लोकांवर. एडिसन नोकरीला येणाऱ्यांना सामान्यज्ञानाची लांबलचक प्रश्नपत्रिका द्यायचा. १९२१ मध्ये आइनस्टाइन अमेरिकेत होता तेव्हा त्याला त्यातला ध्वनीच्या वेगाचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, पुस्तकात सहज सापडणारी माहिती मी डोक्यात ठेवत नाही.

चांदणचुरा

दंडवत. हे उत्तर मला का नाही सुचलं 😂

पाऊलवाट

विषय थोडा वेगळा. आईच्या आजारपणात नोकरी सोडली होती. परत सुरुवात करताना प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न, मधली वर्षं काय केलं? सांगताना आवाज भरून यायचा. मग मैत्रिणीनं समोर बसवून तेवढंच म्हणून घेतलं, रोज. "आईची शुश्रूषा करत होते. ती जबाबदारी आता संपली आहे, आणि या कामासाठी लागणारा कोर्स मी मधल्या काळात पूर्ण केला." एवढंच, आणि मग थेट कोर्समधल्या कामावर. जिथे निवड झाली तिथे त्यांनी गॅपवर पुढे काही विचारलंच नाही, कोर्सवरच बोलत राहिले.

उंबरठा

पाऊलवाट ताई, 🙏 आई गेल्या का? माझ्याकडे आत्ता सासऱ्यांचं तसंच चालू आहे.

पाऊलवाट

हो, गेली. तुम्ही स्वतःची झोप सांभाळा. व्यक्तिगत निरोप करते रात्री.

निळी शाई

कुकर लावून लिहितेय. मला धडधड व्हायची. सगळे सांगायचे शांत हो, शांत हो, त्यानं अजून वाढायची. २०१४ चा अॅलिसन वुड ब्रूक्स यांचा अभ्यास वाचला. भाषण, गाणं, गणित अशा कामांआधी "मला उत्साह वाटतोय" असं स्वतःला म्हणणाऱ्यांचं काम शांत व्हायचा प्रयत्न करणाऱ्यांपेक्षा चांगलं झालं. बाहेरच्या खुर्चीवर बसून तेच पुटपुटले. धडधड होतीच, पण तिची भीती वाटली नाही. निवड झाली!

शेवटचा बाक

सगळ्यांचे आभार, भाचीला वाचून दाखवतोय. रानवारा, तुमचा प्रसंग ऐकून तिला स्नेहसंमेलनाचं आठवलं. ध्वनिक्षेपक बंद पडल्यावर हिनं कार्यक्रमांचा क्रम बदलून वेळ काढला होता. बसून लिहितेय आता. ती विचारतेय, शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का" म्हटलं की काय विचारायचं?

कातरवेळ

हे विचार म्हणावं, "पहिल्या सहा महिन्यांत या जागेवरच्या माणसानं काय करून दाखवलं तर निवड योग्य झाली असं तुम्ही म्हणाल?" मला स्वतःला हा प्रश्न फार आवडतो, कारण उत्तर देताना आम्हालाही विचार करावा लागतो. "नाही, काही नाही" एवढं मात्र म्हणू नकोस गं.

चांदणचुरा

कातरवेळ, आणि पगाराचं कधी काढायचं?

कातरवेळ

समोरून विषय निघेपर्यंत थांबा, पण आकडा घरून ठरवून जा. त्याच कामाला इतरत्र काय देतात ते आधी बघा, आणि त्याच्या आधारानं बोला. घरचे हप्ते किती आहेत ते सांगू नका, आमच्या हातात त्याचं काही नसतं. ऑनलाइन मुलाखतीचं उद्या लिहिते, मीटिंग सुरू झाली.