लंगोटीयाराचे स्त्रीलिंग

कुमारवयीन वाचकांसाठी लिहीत असलेल्या एका कथेत मी शब्दांपाशी अडलो आहे. डोंबिवलीतल्या एका जुन्या इमारतीत समोरासमोर राहणाऱ्या दोन घरांतली मुलगी आणि मुलगा बालवाडीपासून एकत्र वाढतात, आणि महाविद्यालयात गेल्यावर आपला एकमेकांवर जीव जडला आहे हे त्यांच्या उशिराने ध्यानात येते. नव्या मैत्रिणींना त्याची ओळख करून देताना मुलीने त्याला काय म्हणावे?

‘लंगोटीयार’ हा पहिला सुचणारा शब्द तिच्या उपयोगाचा नाही. लंगोटी मुलग्यांची, आणि मूळचा फारसी ‘यार’ स्त्रीच्या संदर्भात आला की मराठीत त्याला चोरट्या प्रियकराचा वास येतो. ‘बालमित्र’ निर्दोष आहे, पण तो शाळेच्या हस्तलिखिताचे नाव वाटतो. ‘सवंगडी’ म्हटले की कृष्णाभोवतीचा गोपांचा घोळका डोळ्यांसमोर उभा राहतो. तो शब्द दोघांपुरता आवळता येत नाही.

‘प्रेमात पडले’ ही इंग्रजी वळणाची रचना मराठीत आता रुळली आहे, पण इथे ती मला खोटी वाटते. पडायला आधी काही अंतर असावे लागते. ‘जीव लावणे’ वासराला आणि नातवालाही चालते, आणि ‘सूत जुळणे’ यात बघणाऱ्या शेजाऱ्यांची खवचट नजर आहे. म्हणून ‘जीव जडणे’ घेतले, कारण त्यात कोणी मुद्दाम काही करत नाही, ते होत जाते.

खरी गंमत मात्र दोन्ही घरांच्या शब्दांत आहे. रक्ताचे किंवा लग्नाचे नाते नसताना दोन कुटुंबांत जे आपलेपण असते त्याला मराठीत ‘घरोबा’ असा नेमका शब्द आहे. मुलांचे लग्न ठरले की त्याची ‘सोयरीक’ होते. वरवर पाहता ही बढती आहे, परंतु कथेतल्या मुलीच्या आईला ती तशी वाटत नाही. घरोब्यात दार न वाजवता साखरेची वाटी मागता येते. सोयरिकीत मानपान येतो, आणि ज्या बाईला वीस वर्षे ‘अगं’ म्हटले तिला चारचौघांत ‘विहीणबाई’ म्हणावे लागते. मुलीचेही तेच. जिला ती काकू म्हणत आली, तिला उद्यापासून आई म्हणायचे, तर त्या काकूचे काय झाले? ‘घरोबा’ मोडून ‘सोयरीक’ होते की तो तिच्या पोटात शिल्लक राहतो, हे वापरावरून कोणाला सांगता येईल का?

उत्तर : आपण सोयरिकीवर जरा अन्याय करता आहात. ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें’ म्हणताना तुकोबांना झाडांशी मानपान अभिप्रेत नव्हता. तिथे ‘सोयरा’ म्हणजे केवळ आपला माणूस. (‘सोयरसुतक’ या शब्दातला ‘सोयर’ मात्र वेगळा, तो जन्माच्या अशौचाचा, दोन्हींची गल्लत पुष्कळदा होते.) अर्थात आजच्या बोलण्यात सोयरीक लग्नापुरतीच उरली आहे, त्यामुळे मुलीच्या आईची धास्ती खरी आहे. तिच्या तोंडी ‘घरोबा होता’ असा भूतकाळ घालावा, आणि तो ऐकून समोरची बाई दुखावली जावी. व्याख्येने हा प्रश्न सुटणार नाही, प्रसंगाने सुटेल.

ओळख करून देण्यासाठी मी ‘भिडू’ सुचवेन. तो मुंबईच्या रस्त्यावरच्या हाकेतून उचलू नये. पत्त्यांच्या डावातला घ्यावा. तो शब्द मुलाला आणि मुलीला सारखाच लागतो, ‘माझा भिडू’ आणि ‘माझी भिडू’ दोन्ही सहज म्हणता येतात, आणि त्यात प्रेमाची कबुली नसली तरी बाजू कोणाची आहे ते स्पष्ट असते.

प्रत्युत्तर : ‘भिडू’ घेतो. दोन्ही घरे सुट्टीत जिन्याच्या चौकात मेंढीकोट खेळत असत असे पहिल्या प्रकरणात आधीच लिहिलेले आहे, आणि मेंढीकोटात भिडू शेजारी बसत नाही, समोर बसतो, त्यांच्या दारांसारखाच. ‘घरोबा होता’ हे वाक्य मात्र मी मुलीच्या आईऐवजी मुलाच्या वडिलांना देणार आहे, कारण ते कमी बोलतात.