बाहेर उडवायला पहिलं रिमोटचं हेलिकॉप्टर
पहिलं रिमोटचं हेलिकॉप्टर घेताना ‘कोॲक्सियल (एकावर एक २ रोटर, म्हणजे फिरत्या पात्यांचे २ संच असलेलं) घ्या, ते सगळ्यात स्थिर’ असा सल्ला मिळतो. तो घरात उडवण्यापुरता बरोबर आहे. बाहेर मात्र असं हलकं मॉडेल जरा वारा सुटला की वाहत जातं, कारण वाऱ्याविरुद्ध पुढे सरकायची ताकदच त्यात नसते. बजेट कमी असेल तर एकाच मुख्य रोटरचं, ४ चॅनेलचं (वर-खाली, पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि स्वतःभोवती वळणं, असे ४ वेगळे कंट्रोल), फिक्स्ड पिच (मुख्य पात्यांचा कोन ठरलेला) आणि जायरो (शेपटी स्थिर ठेवणारा सेन्सर) असलेलं बघा. कलेक्टिव्ह पिचच्या (उडताना सगळ्या मुख्य पात्यांचा कोन एकदम बदलता येणाऱ्या मॉडेलच्या) मोहात इतक्यात पडू नका, तिथे एकेक आपटी महागात जाते. घेण्याआधी सुटे भाग मिळतात का ते मात्र नक्की तपासा, विशेषतः पाती, शेपटीचा रोटर आणि मुख्य शाफ्ट. पाती तर मोडणारच! जास्तीच्या बॅटरीसाठीही पैसे राखून ठेवा. पहिली उड्डाणं वारा पडलेला असताना, गवतावर करा.