नरभक्षण म्हणावं का? विज्ञानकथेतला एक अडलेला शब्द

प्रश्न : अनुवादिका

नमस्कार. एका दिवाळी अंकासाठी विज्ञानकथेचा अनुवाद करते आहे आणि तीन दिवस एकाच शब्दापाशी अडले आहे. कथेत पृथ्वीवरून गेलेले वसाहतकरी एका ग्रहावरचे मऊ अंगाचे, संथ जीव पकडून खातात. पुढे कळतं की हे जीव आपल्यातल्या मेलेल्यांची नावं पिढ्यान्‌पिढ्या जपतात. त्या रात्री एक बाई ताटावरून उठते आणि म्हणते, ‘आपण कॅनिबल आहोत.’

कोशात ‘नरभक्षक’ आणि ‘नरमांसभक्षक’ मिळतात. पण इथे नर कुठे आहे? शिवाय मराठीत नरभक्षक म्हटलं की डोळ्यांपुढे वाघच येतो. कॉर्बेटने १९०७ साली मारलेली, ४३६ बळींसाठी कुप्रसिद्ध झालेली चंपावतची वाघीण नरभक्षक. २०१८ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात मारली गेलेली अवनीही बातम्यांतून नरभक्षकच. म्हणजे आपला शब्द कुणाला खाल्लं ते सांगतो, खाणारा कोण ते सांगत नाही. ‘स्वजातिभक्षक’ जीवशास्त्रात ठीक, पण ते जीव तिच्या जातीचे नाहीतच. तरीही ते आपल्यातलेच होते, असं तिला म्हणायचं आहे. काय करावं?

प्रतिसाद : शब्दवेडा

ताई, ‘कॅनिबल’ मुळात एका लोकसमूहाचं नाव. कोलंबस १४९२ मध्ये ज्या बेटांवर पोचला, त्यांच्या शेजारच्या बेटांवरल्या कॅरिब लोकांच्या नावाचं ते स्पॅनिश रूप. ते माणसं खातात असं शेजाऱ्यांनी सांगितलं, दर्यावर्दींनी ते युरोपभर नेलं आणि नावाचा आरोप झाला. तुमच्या कथेत ती बाई हा शब्द स्वतःला लावते, हे मला मोठं वाटतं.

वेल्सच्या ‘द टाइम मशीन’मध्ये (१८९५) हीच अडचण आहे. सन ८,०२,७०१ मधले मॉर्लॉक इलॉयना खातात आणि दोघेही माणसाचेच वंशज. काळप्रवासी आधी मनाला समजावतो की इलॉय म्हणजे पोसलेली गुरं. ते जमत नाही, कारण त्यांचं रूप अजून माणसासारखं आहे. मऊ अंगाच्या जिवाला ही सवलत मिळाली नसती.

प्रतिसाद : संस्कृत शिकवणारी

मूळ कथेत ‘सेन्शंट’ आहे की ‘सेपियंट’, ते आधी पाहा. पहिला सुखदुःख जाणवणारा, दुसरा विचार करणारा. आपण दोन्हींवर ‘बुद्धिमान’चा शिक्का मारतो आणि कथेचा नैतिक प्रश्नच पुसतो. ‘संवेदनशील’ वापरू नका, मराठीत तो हळव्या माणसाला लागतो. मी ‘जाणता जीव’ सुचवेन.

राहवत नाही म्हणून आणखी थोडं. ‘प्राणी’ म्हणजे प्राण असलेला. फारसीतून आलेला ‘जनावर’ म्हणजे जान असलेला. दोन्ही शब्दांत माणूस बसतो, आपणच त्याला बाहेर काढलं. आणि ‘मांस’! मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात त्याची फोड ‘मां सः’ अशी केली आहे : ज्याचं मांस मी इथे खातो, तो मला परलोकी खाईल. आधुनिक व्युत्पत्तिशास्त्र हे मान्य करणार नाही, पण परग्रहवासी येऊन आपल्याला खातात अशा प्रत्येक कथेचा सांगाडा या दोन अक्षरांत आहे.

डेमन नाइटची १९५० ची कथा अनुवादकांच्या कामाची आहे. परग्रहवासी मदतीला येतात. त्यांच्या ग्रंथाचं नाव लागतं, ‘माणसाला सर्व्ह कसं करावं’ अशा अर्थाचं, आणि शेवटी ते पाककृतींचं पुस्तक निघतं. इंग्रजी श्लेष मराठीत मरेल असं वाटतं, पण ‘सेवा’ आणि ‘सेवन’ एकाच धातूतून आले आहेत. ‘मानवसेवे’चा ग्रंथ म्हणून हाती घ्यावा आणि पुढच्या पानावर ‘मानवसेवन’ निघावं.

प्रतिसाद : मालवणचा वाचक

मी मासे खाऊन वाढलो, अजूनही खातो, म्हणून हे जपून लिहितो. ‘जाणता जीव’ मला खटकतो. जाणत्याला सोडायचं तर अजाणाचं काय? मराठीत ‘अजाण’ म्हटलं की पुढे ‘बालक’ येतं आणि आपला हात आखडतो. ‘मुका जीव’ही तसाच. मुक्या जनावराला मारू नकोस, हे आमच्या आजीने आम्हाला शंभरदा बजावलं असेल. विज्ञानकथेत जीव बोलायला लागला की तो ताटातून सुटतो. आजीच्या भाषेत तो बोलू शकत नाही, हेच त्याला जपण्याचं कारण होतं. या दोन रीती एकमेकींच्या उलट आहेत आणि अनुवादात आजीची रीत हरवू नये असं मला मनापासून वाटतं.

ब्रिटनच्या २०२२ च्या प्राणिकल्याण कायद्यात पाठीच्या कण्याच्या प्राण्यांबरोबर ऑक्टोपस, माकूल, खेकडे, शेवंड, कोळंबी हेही जाणीव असलेले मानले आहेत. खाण्यावर बंदी नाही, सरकारी धोरण आखताना त्यांच्या सुखदुःखाचा विचार व्हावा इतकंच. ऑक्टोपसला सुमारे ५० कोटी चेतापेशी असतात आणि त्यातल्या बहुतेक त्याच्या हातांत. हे वाचल्यानंतर माकुलाचं सुकं पहिल्यासारखं गिळवलं नाही. सोडलंही नाही, पण आता खाताना थांबतो. तुमच्या कथेतले मऊ अंगाचे संथ जीव मला माकुलासारखेच दिसले.

उत्तर : अनुवादिका

सगळ्यांचे आभार. ‘अभक्ष्यभक्षण’ही लिहून पाहिलं आणि खोडलं. त्यात विटाळ खाणाऱ्याला होतो, मेलेल्याचा विचारच नाही.

मग मिशेल फेबरची २००० सालची कादंबरी आठवली. तिच्यात स्कॉटलंडच्या रस्त्यांवरून माणसं पळवून कापणारे परग्रहवासी स्वतःला ‘माणसं’ म्हणतात आणि आपल्याला ‘व्हॉडसेल’. अन्नाला डच शब्द आहे ‘व्हूडसेल’, अगदी जवळचा. कोंडलेला एक व्हॉडसेल मातीत ‘दया’ या अर्थाचं अक्षर न्‌ अक्षर काढतो. नायिकेला ते वाचता येतं आणि ती कळलं नाही असं सांगते. इतकी भीषण ओळ मी क्वचित वाचली आहे. तिथे सगळा प्रश्न ‘माणूस’ हा शब्द कुणाच्या ताब्यात आहे, एवढाच उरतो.

आणि आपल्याकडे तर हा शब्द जातीपुरता कधीच नव्हता. ‘त्याच्यात माणूस राहिला नाही’ असं आपण दोन पायांवर चालणाऱ्याबद्दल म्हणतो. ‘आपलं माणूस’ म्हणताना लिंगही गळून पडतं, उरते फक्त जवळीक. मालवणच्या दादांचा आक्षेप मला मान्य आहे. वाचण्यासाठी कुणाला माणूस व्हायला लागू नये. पण ताटावरून उठलेल्या त्या बाईकडे विचार करायला वेळ नाही. तिच्याजवळचा सगळ्यात मोठा शब्द तिच्या तोंडून निघेल.

म्हणून ‘कॅनिबल’ काढला, ‘भक्षण’ही काढलं. ओळ अशी केली : ‘आपण आपली माणसं खाल्ली.’

संपादकांनी विचारलं, हे जीव तर माणसं नाहीत, तळटीप देऊया का? नको म्हणून कळवलं आहे.