‘डायरेक्ट’ म्हणजे थेट का परस्पर?

शिरोलीकर
एमआयडीसीत शिकाऊ पोरांसाठी टिपण लिहितोय: एसटीएम३२ एफ१०३ या मायक्रोकंट्रोलर चिपवर कॉलबॅकशिवाय (काम झाल्यावर आपोआप बोलावलं जाणारं फंक्शन न वापरता) डीएमए, म्हणजे डायरेक्ट मेमरी अ‍ॅक्सेस: प्रोसेसरला मध्ये न घेता आकडे मेमरीत नेणं. ‘थेट स्मृती प्रवेश’ लिहिलं तर एकानं विचारलं, “सर, फी किती?” मग लिहिलं, ‘एडीसीचे आकडे डीएमएच्या पहिल्या चॅनलवरून परस्पर मेमरीत जातात.’ (एडीसी म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग.) सहकाऱ्यानं परस्पर खोडलं. म्हणे परस्पर म्हणजे एकमेकांत. चुकलं का माझं?

ऊसकरी
काय चुकलं न्हाई भावा. ऊसबिलातनं सोसायटीचं कर्ज परस्पर वळतं हुतंय. कारखान्यातनं बँकेत, आमच्या हाताला नोट लागत न्हाई. पासबुक भरून आणलं की कळतंय, किती गेलं.

शिरोलीकर
हेच तर! निरोप कुणी देत नाही, आपणच बघायचं. किती आकडे न्यायचे ते सीएनडीटीआर या रजिस्टरमध्ये (चिपमधल्या आकडा ठेवायच्या कप्प्यात) लिहायचं, जास्तीत जास्त ६५५३५. एकेक गेला की त्यातला एक कमी. शून्यावर आलं की टीसीआयएफ झेंडा, म्हणजे काम पुरं झाल्याची खूण, वर. लूपमध्ये तेवढा झेंडा बघायचा, आणि उतरवायला आयएफसीआर या दुसऱ्या रजिस्टरमध्ये १ लिहायचा. शून्य लिहून पोरं तासभर बसतात.

पेठेतला
पसायदानातलं ‘परस्परें’ वाचा. सहकारी बरोबर आहेत. शिवाय परस्परला चोरीचा वास येतो. चुलत्यानं आमचं शेत परस्पर विकलं, तेव्हापासून हा शब्द घरात नको झालाय. ‘परभारे’ घ्या, म्हणजे बाहेरच्या बाहेर.

ऊसकरी
परभारे आज्जीसंगं गेलं. पोरांस्नी कोण सांगणार?

पेठेतला
म्हणून शब्द मारायचा? उद्या झेंड्यालाही फ्लॅग म्हणाल.

रंकाळा
म्हणतातच की. मला कॉलबॅकची अडचण वाटते. ‘प्रतिआवाहन’ नको. ‘हाळी’ कसा? काम झालं की हाळी मारायची.

पेठेतला
हाळी देतात, मारत नाहीत. कानडीतनं आलाय, हळ्ळीवरून.

रंकाळा
हळ्ळी म्हणजे गाव हो! गावाला हाक मारता का?

शिरोलीकर
टिपणात कॉलबॅकच नाहीये, तेव्हा हाळी लागतच नाही. दुसऱ्या फेरीला चॅनल बंद केल्याशिवाय सीएनडीटीआरमध्ये नवा आकडा बसत नाही, ते अजून लिहायचंय. उद्या झेरॉक्स काढायचीय. परस्पर ठेवू का?

ऊसकरी
आमच्यात मारत्यात बघा हाळी. बांधावरनं. देतोय ती वर्दी.