मुलगी जात्याच घाबरट असते का?

शहापूरची मावशी
भाचीला जुळं आहे, पोरगी आणि पोरगा, अकरा महिन्यांची. आमच्या परसात न्हाणीकडं उतरती फरशी आहे. पोरगी रांगत तिथं आली की आजी धावत जाऊन दंडाला धरते, "पडशील गं बाई!" पोरगा आला की तीच आजी टाळ्या वाजवते, "ये रे माझ्या वाघा!" काल पोरगी काठावर थांबली आणि उताराकडं न बघता आजीच्या तोंडाकडंच बघत बसली. ही भीती आपणच घालतो की नाही?

2000 साली न्यूयॉर्कमधला असाच एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एवढ्याच वयाच्या बाळांच्या आयांना विचारलं, तुमचं बाळ किती तीव्र उतार रांगत उतरेल? मुलींच्या आयांनी कमी सांगितलं, मुलांच्या आयांनी जास्त. प्रत्यक्षात बाळं सारखीच निघाली.

खानापूरकर
आजीचं चुकतंय, मान्य. पण सगळं खापर वळणावर फोडू नका. काही मुलींच्या मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथीत जन्मजात दोष असतो, आणि पोटात असतानाच त्यांना पुरुषी संप्रेरकं जास्त मिळतात. 1992 च्या एका अभ्यासात अशा 3 ते 8 वर्षांच्या मुली त्यांच्या नात्यातल्या मुलींपेक्षा मुलग्यांच्या खेळण्यांत जास्त रमल्या. तिथं कुठली आजी आली? आमच्याकडं भाताच्या राखणीला गोफण दोन्ही लेकरांना शिकवली. फेक मुलाचीच लांब जाते.

येळ्ळूरची लेक
फेकीत फरक मोठा असतो, खरंच आहे. मानसशास्त्रज्ञ जॅनेट हाइड यांनी 2005 मध्ये स्त्री-पुरुष फरकांवरची 46 मेटा-विश्लेषणं, म्हणजे अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून काढलेले ताळे, पुन्हा तपासली, त्यातही तो मोठाच निघाला. पण बाकीचं वाचा की! 78 टक्के फरक किरकोळ किंवा शून्याजवळचे होते.

आमच्या गावात कुस्तीचं मैदान भरतं. भाऊ पाचव्या वर्षापासून तालमीत. मी दाराबाहेर त्याचा टॉवेल धरून उभी. आठवीत मी हट्ट धरला तर म्हणाले, बाईच्या अंगात ती ताकद नसते. अहो, माझी ताकद बघितली होती कुणी कधी?

खानापूरकर
ताई, तुम्हाला तालमीत घ्यायलाच हवं होतं. तरी पोटातल्या संप्रेरकांचं काय, ते तुम्ही दोघींनीही सोडून दिलंत.

शहापूरची मावशी
ते मी नाकारत नाही, दादा. खेळण्यांची आवड उपजत असेलही थोडी. भीतीचं बोला. आज मी आजीला स्वयंपाकघरात बसवून ठेवलं आणि खाली उतारापाशी गप उभी राहिले. पोरगी दोनदा मागं बघून वळली, कुणी दिसेना. मग पोटावर घसरत खाली आली आणि न्हाणीतला तांब्या ओढून पालथा केला.