मदत हवी आहे: कोथिंबिरीची एक वाटी म्हणजे किती ग्रॅम?

शनिवारी 40 जणांसाठी कोथिंबीर वडी करायची आहे. आईच्या वहीत प्रमाण इतकंच: 'दोन वाट्या चिरलेली कोथिंबीर, एक वाटी बेसन'. वाटी 240 मिलीची आहे, पाणी ओतून मोजली. बेसनाचं अडत नाही. पण कोथिंबीर सैल भरली तर 17 ग्रॅम, दाबून भरली तर 41! धुऊन पंचावर तासभर सुकवली होती, कोवळ्या देठांसकट चिरली होती. काटा 1 ग्रॅमपर्यंत दाखवतो. जुड्यांचा हिशोब नको. दादरला पावसाळ्यात जुडीत निम्मा चिखलच येतो. आईला विचारलं, तर म्हणे 'अंदाजाने घाल'. तुम्ही वजनावर करत असाल, तर एक वाटी बेसनाला चिरलेली कोथिंबीर नक्की किती ग्रॅम घेता?